पाचपैकी तीन तक्के

केजच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला इसाकभाईंचं गादीचं दुकान लागतं. पाटीवरच्या पहिल्या ओळीत ‘गादी, उशी, लोड, तक्के तयार व भाड्याने मिळतील’ असं लिहिलंय आणि खालच्या ओळीत, जरा बारीक अक्षरात, ‘चित्रपट समीक्षक’. ही दुसरी ओळ नको, गिऱ्हाईक बिचकेल, असं पाटी रंगवणाऱ्याने परोपरीने सांगून पाहिलं होतं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं ठरलं नाही. एकदा जवळच्या होळ गावचा एक माणूस पाटी वाचून आत आला आणि लग्नाला वीस गाद्या न् एक समीक्षक लागेल, दोन्हीचं मिळून काय घेता, असं विचारू लागला. इसाकभाईंनी त्याला गाद्या दिल्या.

आता गादीवाला समीक्षक कसा झाला, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल काहीतरी फेकतोय. झालं असं की, बऱ्याच वर्षांपूर्वी अंबाजोगाईत काही हौशी मंडळींनी वेगळ्या वाटेचे पिक्चर दाखवायचा घाट घातला. खुर्च्यांवर बसून असले पिक्चर बघणं त्यांना हलकं वाटलं असावं, कारण त्यांनी खास भारतीय बैठक मांडली आणि लोड-तक्के मागवले इसाकभाईंकडून. कार्यक्रम दुपारी आटपायचा होता आणि तोच माल संध्याकाळी केजला एका साखरपुड्याला जायचा होता. पण कार्यक्रम काही आटपेना. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवतोय, इसाकभाई दारात उभे, आणि पाहुणे त्यांच्याच तक्क्यांना टेकून ढिम्म बसलेले. उठा म्हणावं तर सगळे मोठमोठे लोक. शेवटी तेही मागच्या गादीवर टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लागोपाठ तीन माहितीपट बघितले. तिसऱ्यात एक म्हातारा भिंतीकडे बघत बसतो. बसतो म्हणजे बसतोच.

साखरपुडा बिनतक्क्यांचा झाला. त्या रागात इसाकभाईंनी बीडच्या एका दैनिकाला पत्र धाडलं. त्यात इतर बरंच होतं, पण संपादक धोंडीराम नानांनी फक्त दोन वाक्यं उचलली: ‘भिंतीचं काम सहज आहे. म्हातारा कमी पडतो.’ दुसऱ्या दिवशी ती चौकटीत छापून आली आणि अंबाजोगाईपासून पुण्यापर्यंत ती मंडळी हादरली. नानांनी फोन करून सांगितलं, आता दर रविवारी लिहायचं. गुणांकनासाठी तारे-बिरे नकोत, तुमचे तक्केच द्या. तेव्हापासून रविवारच्या अंकात पिक्चरच्या नावापुढे छोटे छोटे तक्के छापले जाऊ लागले. पाचपैकी तीन मिळाले तरी पुण्यातला दिग्दर्शक पेढे वाटायचा.

हे झालं जगाला दिसणारं. खरी गोम वेगळीच होती. इसाकभाईंना पिक्चर चांगला की वाईट हेच कळत नव्हतं.

म्हणजे माणूस मठ्ठ नव्हता. पण स्वभाव असा की समोरचा जे सांगेल ते पटायचं. पिक्चर चालू असेपर्यंत तो पिक्चर पटायचा, संपल्यावर कोणी त्याला नावं ठेवली तर तेही पटायचं. दुकानात हा गुण चांगला, समीक्षेत काय कामाचा? पहिले चार-दोन लेख त्यांनी कसेबसे निभावले. ‘मध्यंतरानंतर कापूस एका बाजूला गोळा होतो’ वगैरे धंद्यातली वाक्यं टाकून वेळ मारून नेली. आणि मग एका शुक्रवारी त्यांना वाट सापडली.

शुक्रवारी दुपारी नमाजेनंतर दुकान अर्धं बंद असायचं. दुकानामागच्या खोलीत नवी गादी अंथरून, टीव्हीला मोबाईल जोडून इसाकभाई पिक्चर लावायचे. शेजारी त्यांच्या अम्मा, रहेमतबी, सूप घेऊन निवडायला बसायच्या. तूरडाळ, ज्वारी, गहू, जे असेल ते. हा निवडणारा हात म्हणजे घरातली न थांबणारी गोष्ट. इसाकभाईंचं लग्न ठरत होतं तेव्हाही तो थांबला नव्हता, निवडणुकीचे निकाल लागताना थांबला नव्हता, लाइट गेली तरी अंधारात खडे बाजूला पडत राहायचे. त्या शुक्रवारी डोंगरात राहणाऱ्या एका विधवेचा पिक्चर चालला होता, आणि इसाकभाईंच्या लक्षात आलं की खोलीत आवाज येत नाही. बघतात तर अम्माचा हात सुपावर तसाच अधांतरी. डोळे पडद्यावर.

त्या पिक्चरला त्यांनी पाच तक्के दिले. पुढे महिन्याभरात त्याला दिल्लीत कसलंसं मोठं बक्षीस मिळालं आणि बीडच्या या माणसाने ते आधीच ओळखलं होतं म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. झालं, इसाकभाईंना काटा सापडला. हात अजिबात थांबला नाही तर एक तक्का. एकदा थांबला तर दोन, पुन्हापुन्हा थांबला तर तीन-चार. आणि अम्माने सूपच खाली ठेवलं, तर पाच. पिक्चर चालू असताना समीक्षक पडद्याकडे कमी आणि आईच्या बोटांकडे जास्त बघायचा. ही गोष्ट बायकोला, हीनाला ठाऊक नव्हती आणि खुद्द अम्मालाही नव्हती. लेख झाला की तो अम्माला वाचून दाखवायचा रिवाज होता. त्या वेळी तो हात कधी म्हणजे कधी थांबला नाही, पण इसाकभाईंनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

अशी बरीच वर्षं सुखाची गेली. घात केला तो पोरीने. ही पोर, सहर, संभाजीनगरला शिकायला. सुट्टीत आली तेव्हा अब्बांचे जुने लेख इंटरनेटवर चढवायला बसली. संध्याकाळी जेवताना तिने भाकरी मोडता मोडता विचारलं, “अब्बा, तुमाला बकरी लई आवडती का?”

इसाकभाई म्हणाले, कोणाला नाही आवडत, मटण आणू का उद्या? सहर म्हणाली, तसं नाही. तुम्ही ज्या ज्या पिक्चरला दोनच्या वर तक्के दिलेत, त्या प्रत्येकात बकरी आहे. बिनबकरीचा एकही पिक्चर दोनच्या पुढे गेलेला नाही.

इसाकभाई हसले, पण दुसरी भाकरी त्यांनी घेतली नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या एकेक पिक्चर आठवू लागले. ती विधवा, बकरी. तो पोस्टमन, त्याच्या सायकलमागे बकरी. दुष्काळाचा माहितीपट, त्यात तर कळपच. कोळ्यांच्या पिक्चरलासुद्धा चार तक्के का दिले होते, तर होडीत कोणीतरी बकरी बसवली होती. सकाळी उठून ते तडक अम्मापुढे जाऊन बसले.

“अम्मा, ती डोंगरातली बाई याद हाय का? नवरा मेलेली. तुझा हात थांबलता.”

“ती व्हय,” रहेमतबी म्हणाल्या. “तिची काळी बकरी गाभण होती. गाभण बकरीला असलं चढावर न्हेतेत का? मला वाटलं, आता घसरती का मंग.”

“आन बाईचं काय?”

“बाईचं काय? माणसं मी रोज बघते.”

रहेमतबींचं माहेर उमापूरचं. लग्न होईपर्यंत त्यांनी बापाच्या बकऱ्या राखल्या होत्या, आणि केजच्या या गल्लीत आल्यापासून दाराशी बकरी बांधायला जागा नव्हती. शुक्रवारी पडद्यावर जे काही चालायचं त्यात त्या इमानाने बकरी शोधायच्या. सापडली की तिने पाणी प्यालंय का, कानामागे गोचीड दिसतेय का, एवढं बघायच्या आणि पुन्हा खड्यांकडे वळायच्या. इसाकभाईंनी हे ऐकलं आणि त्यांना अम्माचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, मग दोन्ही एकत्र झालं. इतक्या वर्षांत त्यांनी पिक्चरला तक्के दिलेच नव्हते. दिले होते ते बकऱ्यांना.

यात आणखी एक मेख होती. बीडला काही उत्साही लोकांनी माहितीपटांचा महोत्सव भरवायचं ठरवलं होतं आणि तिघा परीक्षकांत इसाकभाईंचं नाव पत्रिकेवर छापून झालं होतं. फेट्याचं माप घेऊन झालं होतं. तिथे अम्माला सूप घेऊन शेजारी बसवणार कसं? हीनाने साधा उपाय सांगितला, पोट बिघडलंय म्हणून कळवा. पण झाकली मूठ सव्वा लाखाची ती किती दिवस झाकणार? आज पोट, उद्या पाठ. आपल्याला स्वतःची नजर आहे की नाही, हा प्रश्न त्यांना आता छळू लागला होता. ती नसेल तर पाटीवरची दुसरी ओळ पुसायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तालीम म्हणून दोन पिक्चर एकट्याने बघितले. दोन्ही पटले.

महोत्सव एका मंगल कार्यालयात होता. परीक्षकांना पुढे गाद्यांवर बसवलं होतं. इसाकभाईंनी आधी गादी दाबून बघितली, जुना कापूस नव्या खोळीत भरला होता. एका बाजूला सटवाजी नाना, निवृत्त अधिकारी. त्यांच्या ओळखीने हॉल मिळाला होता म्हणून ते परीक्षक होते. पहिला पिक्चर लागायच्या आतच ते तक्क्याला टेकले आणि झोपी गेले. दुसऱ्या बाजूला अंबाजोगाईच्या मोहिनी मॅडम, कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या.

पहिला माहितीपट विणकरांवर होता. मागाखालून बकरी निघाली. दुसरा एका जुन्या ग्रंथालयावर, तिथे वाचन कक्षात बकरी. तिसरा पिक्चर एका नावाजलेल्या पुणेकराचा, शहरातल्या एकटेपणावर. त्यात बाराव्या मजल्यावर राहणारी बाई लिफ्टचं दार उघडते आणि आत एक पांढरी बकरी उभी असते. दोघी एकमेकींकडे बघत बाराव्या मजल्यावरून खाली येतात. मागून लोक खुसुखुसु हसले. इसाकभाईंनी मान वळवली, तर सगळे पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. तेव्हा त्यांना उमगलं की जे त्यांच्या पोरीला सुट्टीत कळलं, ते पुण्या-मुंबईच्या दिग्दर्शकांना कधीचंच कळलेलं होतं. बीडला पिक्चर पाठवायचा तर बकरी टाका, हे तिकडे पोराटोरांना पाठ होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून निघून जावंसं वाटलं.

पण जित्याची खोड. घाबरलेले डोळे आपोआप शेजारी वळले, हात शोधायला. मोहिनी मॅडमचा अंगठा मोबाईलवर सरकत होता. नदीवरच्या एका माहितीपटात तो अंगठा एकदम थबकला. इसाकभाईंनी घाईघाईने चार तक्के काढले. चहाच्या वेळी कळलं की मॅडमच्या पुतणीच्या लग्नाची तारीख पुढे गेल्याचा मेसेज आला होता. इसाकभाईंनी तक्के खोडून टाकले.

चहानंतर बीडजवळच्या पालीच्या समाधान नावाच्या पोराचा पिक्चर लागला. पोरगा बीडला नोकरीला, सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर चित्रण केलेलं, नाव ‘साइड स्टँड’. पिक्चरमध्ये होते त्याचे आई-वडील, सिंधुबाई आणि बन्सी. बन्सी शिपायाच्या नोकरीतून निवृत्त झालेला, जन्मभर सायकल मारलेली, आणि आता त्याला स्कूटी शिकायची होती. उन्हाळ्यात बिंदुसरा धरणाचं पाणी मागे सरल्यावर जी सपाट जमीन उघडी पडते, तिथे त्याचं शिक्षण चाललं होतं. सिंधुबाई पाण्याची बाटली घेऊन दगडावर बसलेल्या. बन्सी निघाला की त्या तिथूनच सांगायच्या, आधी स्टँड काढा. बन्सी पडायचा. त्या जागच्या हलायच्या नाहीत. लागलं का, विचारायच्या. न्हाई. मंग उठा. असंच पुन्हा. मागे लोक हसत होते, पण आता ते पिक्चरला हसत होते. इसाकभाईही हसले. सटवाजी नाना जागे झाले.

अखेर बन्सीला गाडी आली. तो बायकोला म्हणाला, बस. ती म्हणाली, आधी गावाला एक चक्कर मारून जित्ते या, मंग बसते. तो आला, मग ती बसली. एका अंगाने, मांडीवर पिशवी, आणि हात मागे सीटच्या दांडीला. नवऱ्याला हात लावायचा नाही, गाव बघतंय. समाधानने मागून दूर उभं राहून चित्रण केलं होतं. स्कूटी लहान होत चालली. धरण, उजाड माळ, मावळतीचा उजेड. छान होतं सगळं. मग गावाच्या तोंडाशी गतिरोधक आला, स्कूटी उडाली आणि सिंधुबाईंचा हात दांडीवरून सुटून बन्सीच्या सदऱ्याला गेला. मुठीत सदरा घट्ट. गतिरोधक मागे पडला. पुढे रस्ता चांगला होता, डांबर नवं होतं. हात तिथेच राहिला.

ते दिसलं फक्त इसाकभाईंना. मोहिनी मॅडम धरणाकडे बघत होत्या, आणि पडद्यावर तो हात नखाएवढा होता. पण या माणसाने आयुष्यातले सगळे शुक्रवार एका बाईच्या हाताकडे बघण्यात घालवले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि दिवे लागले तेव्हा फेट्याच्या शेवाने ते पुसावे लागले. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं की या पिक्चरमध्ये आपण शेजारी एकदाही बघितलं नाही. आनंद झाला आणि मागोमाग धडकीही भरली. पिक्चर आवडला होता, आणि तो आवडला हे सांगायला त्यांच्याजवळ दुसऱ्या कुणाचा आधार नव्हता.

निकालासाठी तिघे वरच्या खोलीत बसले. मोहिनी मॅडम म्हणाल्या, लिफ्टचा पिक्चर पहिला, त्यावर वाद नकोच, शहरी माणसाचं तुटलेपण फार ताकदीने आलंय. स्कूटीचा गोड आहे, पण घरगुती आहे. सटवाजी नानांनी स्कूटी कोणत्या कंपनीची होती ते विचारलं आणि ते मॅडमशी सहमत झाले. इसाकभाई तर लिफ्टच्याच बाजूने असणार, हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. मॅडमनी सहीसाठी पेन त्यांच्यापुढे केलंही. आणि खरं सांगायचं तर मॅडमचं म्हणणं इसाकभाईंना सवयीप्रमाणे पटायला लागलंही होतं. तुटलेपण, ताकद, बरोबरच होतं ते. त्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

“तिनं सदरा सोडला न्हाई, मॅडम,” ते म्हणाले.

मॅडमना काही उलगडा होईना. मग शेवटचा भाग पुन्हा लावला. मॅडमनी चष्मा पुसून बघितला आणि मोकळेपणाने कबूल केलं की हे सुंदर आहे. पण एका हाताने अख्खा पिक्चर उभा राहतो का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न काही वेडा नव्हता. लिफ्टमधल्या बकरीने तुमच्यावर काहीच परिणाम केला नाही का, असंही त्यांनी विचारलं.

“बकरी माझ्या अम्माला आवडती,” इसाकभाई म्हणाले. “मला ह्ये आवडलं. मला यवढंच कळलंय, पण माझं मला कळलंय.”

दोन विरुद्ध एक. पहिलं बक्षीस बकरीला गेलं, समाधानला उत्तेजनार्थ मिळालं. समारंभात पुणेकर दिग्दर्शकाने धावत येऊन इसाकभाईंचे पाय धरले. सर, तुमच्यामुळेच, म्हणाला. इसाकभाईंनी त्याला उठवलं आणि बकरी आता कुठे असते ते विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी ‘साइड स्टँड’ घरी लावला. रहेमतबी ज्वारी निवडत बसल्या होत्या. बन्सी पडला, उठला, स्कूटी निघाली, गतिरोधक गेला, पिक्चर संपला. हात एकदाही थांबला नाही. जुन्या हिशेबाने एक तक्का. बकरी कशी न्हाई ह्येच्यात, एवढंच अम्माने विचारलं.

पूर्वी असतं तर लेख तिथेच ठरला असता. इसाकभाई मात्र गादीवर पालथे पडून लिहीत राहिले. धंद्यातलं एकही वाक्य त्यांना सुचलं नाही. कापूस नाही, खोळ नाही. चाळीस वर्षं संसार केलेली बाई भर गावात नवऱ्याला हात लावत नाही, मग गाडी उडते, मग ती सदरा धरते आणि रस्ता सरळ झाला तरी सोडायचं विसरते, की विसरत नाही, हे त्यांनी जसं दिसलं तसं लिहिलं. तक्के द्यायचे राहूनच गेले. धोंडीराम नानांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, या वेळी तसंच छापा.

मग रिवाजाप्रमाणे ते अम्माला वाचून दाखवू लागले. धरण झालं, दगडावरची सिंधुबाई झाली, गतिरोधक आला, सदऱ्यापर्यंत आले आणि त्यांना वाटलं आपला आवाज फार मोठा येतोय. वर बघितलं. सुपावरचा हात थांबला होता.

“असं कवा झालं?” रहेमतबी म्हणाल्या. “मी त्या टायमाला खडा काढायलते.”

“शेवटाला झालं, अम्मा.”

“आन मंग? घरापतूर धरून ठिवला का सोडला?”

“गाडी दिसंनाशी होईपतूर धरलेलाच हाय.”

इसाकभाईंचे अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची सायकल होती आणि उमापूरहून केजला नवरीला त्यांनी तिच्यावरूनच आणलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“परत लाव,” त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून त्यांनी खाली जमिनीवर ठेवलं.

इसाकभाईंनी पिक्चर पहिल्यापासून लावला आणि अम्माशेजारी तक्क्याला टेकून बसले. या वेळी ते पडद्याकडे बघत होते.